‘सर्वसाधारण’ शेरा मिळालेल्या टर्नरचं प्रकरण

अण्णा खुर्चीत बसले आणि मी काही विचारायच्या आधीच त्यांनी मोबाइल पुढे केला. मानसिक ताणाच्या चाचणीचा स्क्रीनशॉट होता. गुण २४, खाली हिरव्या चौकटीत ‘सर्वसाधारण’.

“हे बघा मॅडम, आमची टेस्ट झालीया आधीच. पास हाय आपण. हिच्या समाधानासाठी आलोय.”

काकू शेजारी बसल्या होत्या. पर्समधून त्यांनी गुंडाळलेला एक कागद काढला, पण तो उघडला नाही. तो काय होता हे मला तिसऱ्या भेटीत कळलं. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते.

हे ऑक्टोबर २०२१मधलं. अण्णांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि त्यांना घरी ‘अण्णा’ कुणी म्हणत नाही.

वय ५२. धंद्यानं टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप, दोन लेथ, एक मिलिंग, तीन कामगार. शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग येतं, मशिनिंग होऊन परत जातं. थोरला भाऊ, म्हणजे दादा, धंद्यात निम्म्याचा भागीदार. घर एकत्र. ऐंशी ओलांडलेली आई, दोन्ही जावा, मुलं. मे २०२१मध्ये घरात चौघं पॉझिटिव्ह आली. दोघं भाऊ एकाच रिक्षातून बेड शोधायला बाहेर पडले. तिसऱ्या ठिकाणी ऑक्सिजनचा एकच बेड होता. तिथल्या डॉक्टरांनी दोघांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, अण्णांचं ८६, दादांचं ९०. बेड अण्णांना मिळाला. दादांना जागा मिळेपर्यंत पहाट झाली. पाच दिवसांनी, १९ तारखेला, दादा गेले. तेव्हा अण्णा ऑक्सिजनवर होते. पंचगंगेच्या स्मशानात महापालिकेच्या माणसांनीच सगळं उरकलं. अण्णांना ही बातमी चार दिवसांनी कळली. आईला तर अण्णा घरी आल्यावर, त्यांच्याच तोंडून.

फिजिशियननं मानसिक तपासणीसाठी माझ्याकडे पाठवलं होतं. चिठ्ठीत एवढंच होतं: छातीवर दडपण, रात्री दचकून जाग, ईसीजी आणि टू-डी इको ठीक, कृपया पाहावे.

२४ आले कसे

दुसऱ्या लाटेनंतर बरे होऊन घरी गेलेल्यांना फोन करून मानसिक ताण तपासायचा एक उपक्रम चालू होता. फोन करणारी पोरं विद्यार्थी होती, मनापासून करत होती. हातात त्यांच्या सीपीडीआय, म्हणजे कोविड-१९ पेरिट्रॉमॅटिक डिस्ट्रेस इंडेक्स. ही प्रश्नावली शांघायच्या मानसिक आरोग्य केंद्रातल्या मंडळींनी २०२०च्या जानेवारीअखेर, साथ भडकत असतानाच वापरात आणली. मागच्या आठवड्याबद्दल २४ प्रश्न, गुण ० ते १००. २८ ते ५१ म्हणजे सौम्य ते मध्यम ताण, ५२पासून पुढे तीव्र. दहा-अकरा दिवसांत त्यांच्याकडे ५२,७३० जणांची उत्तरं जमली आणि त्यातले सुमारे ३५ टक्के ताणाखाली निघाले. एवढ्या घाईत एवढं काम म्हणजे कौतुकाचीच गोष्ट, त्यात वाद नाही.

पण ती फुटपट्टी साथीच्या पहिल्या महिन्यासाठी कापलेली. मास्क-औषधांचा साठा करता का, दिवसभर कोरोनाच्याच बातम्या शोधता का, त्या पुढे पाठवता का, आपल्याला लागण होईल असं सारखं मनात येतं का? ऑगस्ट २०२१मध्ये कोल्हापुरातल्या ज्या माणसाला लागण होऊन गेली, भाऊ गेला आणि ज्यानं बातम्या बघणंच सोडलं, तो याला ‘नाही’ म्हणणार. खोटं बोलून नव्हे, खरं बोलूनच. आणि ‘मला मिळालं, त्याला नाही’ या गोष्टीच्या आसपास जाणारा प्रश्न त्या चोवीसात एकही नव्हता.

त्यात आणखी एक भानगड. मुंबई-पुण्यात लाट ओसरली तरी आपले आकडे जून-जुलैपर्यंत खाली यायला तयार नव्हते. ते जरा निवळतात तोवर जुलैच्या शेवटी पंचगंगा ५० फुटांच्या वर गेली. फोन आला तेव्हा अण्णांच्या बहिणीचं घर नुकतंच धुऊन निघालं होतं आणि त्या माणसांची अंथरुणं अण्णांच्या माडीवर होती. प्रश्न होता, “कोरोनामुळं झोप लागत नाही का?” अण्णांनी त्या पोरीला उलट विचारलं, “कोरोनामुळं का पुरामुळं?” ती गडबडली, म्हणाली, “काका, फक्त कोरोनाचं सांगा.” मग त्यांनी ‘नाही’ सांगून टाकलं. झोप उडाली होती हे खरं. ती कुणी उडवली याचा हिशेब त्यांना लावता येईना. मला तरी कुठे येतो? पण तिथं शून्य पडला.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र काकूंनी सांगितली. अण्णांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं, तीस वर्षं लेथपाशी उभं राहिल्याचा प्रसाद. त्यामुळे ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. त्या दिवशी ते सोप्यात बसले होते. समोर आई शेंगा फोडत होती, दारात वहिनी उभ्या होत्या. स्पीकरमधून प्रश्न आला: “तुम्हाला रिकामं, हतबल वाटतं का?”

आई आणि दादांच्या बायकोपुढे कुठला धाकटा भाऊ याला ‘हो’ म्हणेल?

फोन करणाऱ्या मुलीला यातलं काही दिसत नव्हतं. ‘आत्ता एकटे आहात का?’ हे तिच्या कागदावर विचारायलाच नव्हतं. जिल्ह्याची टक्केवारी अशा फोनांतून तयार होत असेल तर सोप्यात कोण कोण बसलंय याचा एक रकाना त्या तक्त्यात हवा, असं मला तेव्हापासून वाटतं.

मी काय चुकले

त्या पोरांना नावं ठेवायचा मला फारसा अधिकार नाही. पहिल्या भेटीत काकू खोलीत असतानाच मी पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली वाचायला घेतली. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. पहिलाच प्रश्न मी छापील मराठीत वाचला, “कामांमध्ये रस किंवा आनंद वाटत नाही, असं किती दिवस झालं?”

“काम असलं तर रस घेऊ न्हवं? दोन महिने शटर खाली होतं.”

बरोबरच होतं. प्रश्न मनाबद्दल होता, उत्तर ऑर्डरबद्दल आलं. मी काकूंना बाहेर बसायला सांगितलं आणि पुन्हा सुरुवात केली, या वेळी साध्या बोलीत. काम हातात असतानाही मन लागत नाही, असं होतं का? त्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, “एखाद दिवस.” एक गुण.

एकूण १४ आले. १० ते १४ म्हणजे मध्यम. पण हे १४ कशाचे बनलेत ते बघा. झोप ३, थकवा ३, भूक २, लक्ष न लागणं २. दहा गुण इथंच संपले. कोविडमधून उठलेल्या माणसाला पाच महिन्यांनीही थकवा असू शकतो. शिवाय अण्णांची साखर वाढलेली निघाली होती, नवीन गोळी सुरू होती. म्हणजे या दहांतले किती मनाचे, किती फुफ्फुसाचे आणि किती साखरेचे, हे कागद सांगत नाही. उरलेले चार: रस नसणं १, उदास वाटणं १, आणि ‘आपण वाईट आहोत, घरच्यांना कमी पडलो’ या प्रश्नाला २. त्या दोन गुणांपाशी ते जितका वेळ थांबले तितके बाकी कुठेच थांबले नाहीत.

झोपेच्या तीन गुणांवर त्यांनी मला चांगलंच पकडलं. “मॅडम, तुमच्या या व्हर्निअरचा झिरो बघितलाय का?” मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. व्हर्निअरचे जबडे पूर्ण मिटवायचे आणि दोन्ही शून्यं समोरासमोर येतात का बघायचं. नसली येत तर जेवढा फरक तेवढा प्रत्येक मापातून वजा करायचा, नाहीतर अख्खा लॉट रिजेक्ट. “मी पोरवयापासून पाच तासच झोपतोय. तुम्ही त्याचं तीन लावलं.”

मी दोन केले. ते कधी कधी तीन-साडेतीनला उठून बसायचे हे काकूंकडून कळल्यावर पुन्हा तीन. पण मुद्दा त्यांचाच खरा होता. महामारीपूर्वी हा माणूस कसा होता याचं माप कुणाकडेच नव्हतं, आणि मी ते विचारलंही नव्हतं.

नववा प्रश्न, जगण्याचा कंटाळा किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार. त्यांनी ० सांगितला. मी कागद बाजूला ठेवून सरळ विचारलं, “मरून जावं असं वाटतं?” म्हणाले, “तसं न्हाई. पण त्या रात्री मीच जायला पाहिजे होतं, हे डोक्यातनं जात न्हाई.” पुढचं सगळं विचारलं. कसा विचार येतो, काही ठरवलंय का, घरात कशाला हात लागतो. काही ठरवलेलं नव्हतं, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत मी हे पुन्हा विचारत राहिले. शून्य गुण तसाच ठेवला, शेजारी त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर तेव्हा नव्हता, तो ऑक्टोबर २०२२मध्ये आला. म्हणून काकूंना माझा आणि फिजिशियनचा नंबर देऊन ठेवला.

रिकाम्या जागेत काय लिहायचं

दुसऱ्या भेटीत आयईएस-आर, म्हणजे एखाद्या घटनेचा आघात किती उरलाय ते मोजणारी प्रश्नावली. बावीस प्रश्न, मागचे सात दिवस, ० ते ८८. सुरुवातीला एक रिकामी जागा असते, अमुक घटनेच्या संदर्भात उत्तरं द्या म्हणून. त्या जागेत मी ‘कोरोनाची साथ’ लिहिलं. गुण आले २२. साधारणपणे ३३च्या पुढे काळजीचं मानतात, म्हणजे इथंही पासच.

पण देहबोली २२ची नव्हती. बोलता बोलता बाहेर एका ट्रकनं एअर ब्रेक सोडला, फुस्स, आणि अण्णांचा हात आपसूक नाकाकडे गेला. मी विचारलं तेव्हा वर्कशॉपमधली गोष्ट निघाली. त्यांनी जूनपासून कॉम्प्रेसर बंद ठेवला होता. हवा सोडली की तोच आवाज येतो, ऑक्सिजनचा मास्क लावतानाचा. कामगार चार महिने जॉबवरची बर, म्हणजे धातूचा कीस, हवेनं न उडवता ब्रशनं झाडत होते, आणि मालकाचं डोकं फिरलंय असं आपसात बोलत होते. कुठल्याही प्रश्नावलीत ‘कॉम्प्रेसर चालू करता का?’ असा प्रश्न नसतो. असायचं कारणही नाही.

पुढच्या आठवड्यात तोच कागद पुन्हा दिला. रिकाम्या जागेत या वेळी त्यांच्याच शब्दांत लिहिलं, ‘बेड मिळाला ती रात्र’. गुण ४१.

माणूस तोच, प्रश्न तेच बावीस, मधे एक आठवडा. सगळा फरक त्या एका ओळीनं पडला. ‘साथीचा ताण’ असं म्हणून आपण काय मोजतो, या प्रश्नाचं या प्रकरणापुरतं उत्तर मला इथं मिळालं. साथ अण्णांना छळत नव्हती, ती सगळ्यांचीच होती. ८६ आणि ९० हे दोन आकडे त्यांचे एकट्याचे होते.

त्याच बैठकीत कुतूहलापोटी सीपीडीआयचे चोवीस प्रश्नही बंद खोलीत विचारले. गुण आले ४३. अण्णा पहिल्यांदा हसले, “म्हणजे धोका पातळी की वो!” पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे कोल्हापुरात पोराटोरांनाही पाठ असतं. मी म्हटलं, या पट्टीवर ४३ म्हणजे सौम्य ते मध्यम. ते म्हणाले, “नदी ४३ला असली तरी बहिणीच्या गल्लीत पाणी ४३ची वाट बघत न्हाई.” एवढं मी पदव्युत्तर वर्गात दोन तास बोलूनही पोचवू शकलेले नाही. अर्थात ऑगस्टचे २४ आणि ऑक्टोबरचे ४३ थेट ताडून पाहता येत नाहीत. मधे दोन महिने गेले होते, पूर ओसरला होता, विचारणारी व्यक्तीही बदलली होती.

काकूंचा कागद

तिसऱ्या भेटीत काकूंनी तो गुंडाळा उघडला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान. एरवी ज्या चौकटीत दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख लिहितात, तिथं टोकदार पेन्सिलीनं मुंगीएवढ्या अक्षरात आकडे. ६.१०–९७. ६.४०–९७. ७.०५–९८. टर्नरचा हात, प्रत्येक आकडा सरळ रेषेत. चौकट भरली की समासात, समास भरला की पानामागे. काही नोंदींपुढे ‘अ’ आणि ‘ब’. घरात दोन ऑक्सिमीटर होते आणि दोन्हींवर एकाच वेळी बघायचं. एक ९६ दाखवतो, दुसरा ९८, मग खरा कुठला? या यंत्रात दोन-एक टक्क्यांचा फरक चालायचाच, हे त्यांना माझ्यापेक्षा नीट ठाऊक होतं. मापात चूक असते हे माहीत असलेला माणूस ती चूक काढायला पुन्हा पुन्हा माप घेत होता.

आम्ही दोघींनी बसून मोजलं. दिवसाला सरासरी २६. अर्जंट जॉब चालू होता त्या दिवशी ९, आणि १९ तारखेला ४१. महिन्याभरात ९५च्या खाली एकच नोंद होती, ९३, लाल गोल केलेली. त्या रात्री ते एकटेच स्कूटरवरून दवाखान्यात गेले होते. तिथं ९७ भरलं. बोटं गार पडली होती, दुसरं काही नाही.

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात भरवशाचं माप हेच पान. मला खूश करायला किंवा आईपासून काही लपवायला ते लिहिलेलं नव्हतं. आठवून सांगायची गरज नव्हती. आणि त्यात चढउतार होते, १९ला चढ, काम आलं की उतार. पीएचक्यूच्या चौदांपेक्षा या चढउतारांनी मला जास्त सांगितलं. दोष एवढाच की हे माप फक्त अण्णांपुरतं. दुसऱ्या कुणाच्या घरी असं पान असेलच असं नाही, आणि दोन घरांची पानं एकमेकांशी ताडता येणार नाहीत. हजारो लोकांत कुणाला मदत हवी हे चाळायला प्रश्नावल्याच लागतात. त्या गो-नो गो गेजसारख्या, जॉब पास की नापास एवढंच सांगणाऱ्या. जॉबचं माप त्या सांगत नाहीत.

निदानाबद्दल थोडक्यात. मुलाखतीत पूर्ण नैराश्याचं चित्र उभं राहिलं नाही. त्या रात्रीशी बांधलेली आघाताची लक्षणं होती, सतत तपासण्याची सवय होती, आणि न झालेला शोक होता. लांबलेल्या शोकाचं निदान आयसीडी-११नुसार, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणानुसार, सहा महिन्यांआधी करता येत नाही, आणि तेव्हा पाच झाले होते. म्हणून ती ओळ मी पेन्सिलीनंच लिहिली.

पुढे

नऊ बैठका झाल्या. फिजिशियनशी बोलून ठरवलं की रीडिंग सकाळी एकदा, रात्री एकदा. मधे हात गेला तर रीडिंग न घेता कॅलेंडरवर फक्त एक टिंब काढायचं. ‘ब’ ऑक्सिमीटर काकूंच्या कपाटात गेला. कॉम्प्रेसर आधी दाराबाहेर उभं राहून ऐकायचा, मग आतून, मग स्वतः हवा सोडायची. यात अण्णा माझ्यापुढे होते. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी स्वतःच एअर गन हातात घेतली, आणि ते त्यांनी मला आठवड्यानं सांगितलं.

८६ आणि ९०वर मात्र वेळ लागला. ‘तुमची चूक नव्हती’ हे वाक्य मी एकदाच वापरलं, त्याचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो वहिनींना एका बैठकीला बोलावल्याचा. त्या म्हणाल्या, “रिक्षात हेच म्हणाले होते, आधी अण्णाला बघा.” अण्णांना हे माहीत नव्हतं. ताप होता, कान ऐकत नव्हता. पाच महिने हे वाक्य त्याच घरात होतं.

डिसेंबरात ते पंचगंगेच्या स्मशानात गेले. आपल्याकडे दहन शेणींवर होतं, महापालिका त्याचे पैसे घेत नाही, लोक शेणी दान करतात. अण्णांनी टेम्पोभर दिल्या. तिथल्या माणसाला विचारलं, मे महिन्यात तुम्हीच होता का? तो हो म्हणाला. दोघं चहा प्याले. हे मी सुचवलेलं नव्हतं.

जानेवारी २०२२ला पुन्हा मोजलं. पीएचक्यू-९ वर ८, म्हणजे सहानं कमी. पाच गुणांचा फरक सहसा अर्थपूर्ण धरतात. ‘बेड मिळाला ती रात्र’ लिहून आयईएस-आर २४. कॅलेंडरवर दिवसाला ४. पण त्याच सुमारास ओमायक्रॉन आला, आणि एका आठवड्यात नोंदी १५वर गेल्या. मी घाबरले, अण्णा नाहीत. म्हणाले, “सगळ्या गल्लीचं वाढलं असंल की.” फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा चारवर. यातलं बैठकांचं श्रेय किती आणि नुसत्या दिवसांचं किती, हे एका माणसावरून वेगळं करता येत नाही. साखरही मधल्या काळात आटोक्यात आली होती, थकव्याचे दोन गुण तिच्या खात्यात.

सीपीडीआय तिसऱ्यांदा विचारला नाही. त्या उपक्रमाला मी कळवलं होतं की या व्यक्तीचे २४ गुण स्पीकरवर, घरच्यांसमोर घेतलेले आहेत, तशी नोंद करा. डेटा बंद झालाय, असं उत्तर आलं.

मेमध्ये वर्षश्राद्ध झालं. नंतर काकूंचा फोन आला, दिवस कसा गेला ते सांगायला. मी विचारण्याआधीच म्हणाल्या, “सात वेळा.” आणि दुसऱ्या दिवशी? त्या उठून भिंतीपाशी गेल्या असाव्यात, जरा थांबून म्हणाल्या, “दोन. आणि दूध दीड लिटर लिहिलंय, पाहुणे होते न्हवं.”